ओळ कुठली, अक्षर कुठलं

१६८० साली ऑक्सफर्डमध्ये एक छोटं पुस्तक छापलं गेलं. लेखक जॉर्ज डॅलगार्नो, मूळचा स्कॉटलंडचा, पेशाने शाळामास्तर. ऐकू न येणाऱ्याला शिकवावं कसं, हा पुस्तकाचा विषय. त्यात त्याने एक हातमोजा सुचवला होता. मोजा डाव्या हातात घालायचा. त्याच्यावर बोटांची टोकं, पेरं आणि तळवा अशा ठरलेल्या जागी इंग्रजी मुळाक्षरं. स्वर सगळे बोटांच्या टोकांवर, म्हणजे चटकन सापडणारे. बोलणाऱ्याने बोट एकेका जागी टेकवत जायचं आणि समोरच्याने शब्द जुळवायचा.

जवळपास दोनशे वर्षांनी, १८७० च्या दशकात, तो मोजा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका पाच वर्षांच्या मुलाच्या हातात चढला. मुलाचं नाव जॉर्ज सँडर्स. तो जन्मापासून बहिरा होता आणि त्याचा शिक्षक होता अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोन अजून व्हायचा होता. त्या टेलिफोनच्या खटपटीला पैसा पुरवणाऱ्यांत पुढे या मुलाचे वडील होते. बेलने मुलाला अक्षरं आधी एकेक करून शिकवली नाहीत. मुलाला बाहुली हवी असली की मोज्यावर शब्द उमटायचा, खेळ संपेपर्यंत शब्द आणि वस्तू दोन्ही सोबत राहायचे. वाचन आणि बोलणं एकाच वेळी सुरू झालं.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं, की ज्यांना तोंडाने बोलता येत नाही त्यांना लिहा-वाचायला शिकवण्याच्या इतिहासात ही साधी समज अनेकदा सापडली आणि तितक्याच वेळा हरवली. आज विशेष शाळांमध्ये ‘कम्युनिकेशन बोर्ड’ नावाचा तक्ता दिसतो. चित्रं किंवा अक्षरं मांडलेला. मूल बोटाने, डोळ्याने, नाहीतर डोक्याला बांधलेल्या काठीने दाखवतं आणि समोरचा ओळखतो. त्याच तक्त्याचे आधुनिक अवतार म्हणजे टॅबलेटवरची बोलणारी ॲप्स. तक्ता कुठून आला याचा माग काढायला बसलं की खरा प्रश्न वेगळाच निघतो: त्याच्यावर अक्षरं ठेवायची की नाही, हे कुणी ठरवलं?

चित्रांच्या तक्त्यावर तेवढंच बोलता येतं जेवढं दुसऱ्या कुणी चिकटवून ठेवलेलं असतं. पाणी, शू, भूक, टीव्ही, आई. आईवर राग आला असेल तर? काल रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं असेल तर? शेजारच्या मांजराचं नाव, मामीच्या हातची चव, शिक्षकांनी चुकीची दिलेली तारीख यांतलं काहीच चित्रात नसतं. अक्षरं आली की मात्र कुणाच्या परवानगीची गरज उरत नाही. म्हणून या तक्त्याच्या इतिहासात मी सगळ्यात आधी अक्षरं शोधतो.

आपल्याकडे करपल्लवीची रीत जुनी आहे. हाताच्या खुणांनी बोलण्याची ही युक्ती पूर्वी हेरगिरीत, गुप्त बोलण्यात आणि कधी नुसत्या खेळात वापरली गेली असं परंपरा सांगते. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी हाताच्या आकाराने वर्ग सांगायचा: नागाच्या फण्यासारखा हात म्हणजे स्वर, कमळासारखा म्हणजे क-वर्ग, चक्रासारखा म्हणजे च-वर्ग, असं पुढे. मग जितकी बोटं, तितक्या क्रमांकाचं अक्षर. शेवटी चुटक्या वाजवून मात्रा सांगायची. वर्ग, अक्षर, मात्रा या तीन पायऱ्यांत हवं ते अक्षर सापडतं.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानेही हीच कल्पना मांडली आहे. अक्षरं पाच ओळींत मांडायची आणि मशालींनी आधी ओळ, मग ओळीतली जागा सांगायची. पुढे रशियातल्या झारच्या तुरुंगांत आणि व्हिएतनाममध्ये पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या कोठड्यांत अशाच चौकटीवर भिंती ठोकून गप्पा झाल्या. ज्याच्यापाशी एकच खूण शिल्लक आहे, मग ती ठोका असो, पापणी असो की मानेचा हिसका, त्याने सगळी भाषा कशी बोलायची, याचं उत्तर माणसाने फार पूर्वी शोधून ठेवलं होतं. ते पाळण्यात किंवा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलापर्यंत पोचायला विसावं शतक उजाडलं.

साहित्यात ते थोडं आधी पोचलं. अलेक्झांडर द्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मध्ये, म्हणजे १८४० च्या दशकात, न्वार्तिए नावाचा म्हातारा अर्धांगाने पूर्ण जखडलेला आहे. फक्त डोळे हलतात. त्याची नात मुळाक्षरं म्हणत जाते, त्याचे डोळे थांबवतात तिथे थांबते, मग शब्दकोश उघडून रकान्यावरून बोट फिरवते. त्या डोळ्यांच्या जोरावर तो मृत्युपत्र करतो. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी पक्षाघाताने तसाच जखडला गेला. एक डोळा तेवढा उघडझाप करत होता. त्याच्यासाठी मुळाक्षरं वेगळ्या क्रमाने लावली गेली: फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त लागणारं अक्षर आधी, कमी लागणारं नंतर. समोरची बाई ती यादी वाचायची आणि हव्या अक्षराला तो पापणी मिटायचा. असं अक्षर-अक्षर करून त्याने आख्खं पुस्तक सांगितलं. १९९७ च्या मार्चमध्ये ते बाहेर आलं आणि पाठोपाठ काही दिवसांतच तो गेला. स्टीफन हॉकिंगनेही १९८५ मध्ये आवाज गेल्यावर सुरुवातीला भुवया उचलून कार्डावरची अक्षरं निवडली.

जगाला हे दोघे ठाऊक आहेत. पण दोघांकडेही अक्षरं आधीपासून होती. गेला तो आवाज. जे मूल जन्मल्यापासून बोललेलंच नाही त्याची गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड आहे. त्याला वाचता येईल यावरच आधी कुणाचा विश्वास बसावा लागतो.

अशा विश्वासाच्या जुन्या खुणा तुरळक आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या मिनेसोटात एफ. हॉल रो या सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर ताबा न राहणं) असलेल्या गृहस्थासाठी दाबीव लाकडाच्या फळीवर अक्षरं आणि नेहमीचे शब्द छापले गेले. तो बोटाने दाखवत बोलायचा. पुढे ती फळी मित्रमंडळींच्या मदतीने छापून इतरांनाही दिली गेली. अभ्यासक तिला पहिला रीतसर संपर्क-तक्ता मानतात. त्या फळीवर पहिल्यापासून अक्षरं होती, कारण ती वापरणारा माणूस वाचणारा होता.

डब्लिनमध्ये १९३२ साली सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मलेला क्रिस्टी ब्राउन पाच वर्षांचा असताना बहिणीच्या हातून पिवळ्या खडूचा तुकडा डाव्या पायाच्या बोटांत ओढून घेतो, ही गोष्ट अनेकांनी ‘माय लेफ्ट फूट’ या पुस्तकात वाचली असेल किंवा पडद्यावर पाहिली असेल. मला त्यातली आई जास्त महत्त्वाची वाटते. तिने जमिनीवर ए काढून दाखवला आणि पुन्हा पुन्हा काढायला लावला. घरात पोरांचा लोंढा, गवंडीकाम करणारा नवरा, डॉक्टरांनी दिलेला नकार. तरी खडू पायात दिसल्यावर तिने चॉकलेट दिलं नाही, अक्षर दिलं. पुढचं सगळं त्या एका निवडीतून आलं. आयर्लंडमध्येच पुढच्या पिढीत लेखक क्रिस्टोफर नोलन झाला. कपाळाला बांधलेल्या काठीने तो टंकलेखन यंत्राच्या कळा दाबायचा आणि आई त्याची हनुवटी धरून ठेवायची. १९८७ मध्ये त्याच्या पुस्तकाला व्हिटब्रेड पारितोषिक मिळालं.

यंत्रं १९६० पासून येऊ लागली. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेग मेलिंगने फुंकर आणि ओढ यांवर चालणारं टंकलेखन यंत्र बनवलं. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या अभियंत्यांनी १९७२ मध्ये रिक हॉयट या दहा वर्षांच्या मुलासाठी अक्षरांवरून दिवा फिरवणारं यंत्र केलं. हव्या अक्षरापाशी दिवा आला की डोक्याने कळ दाबायची. त्याच्या डोक्यात काही चालतच नाही, असं सुरुवातीला अभियंत्यांचं मत होतं. वडील म्हणाले, त्याला विनोद सांगून बघा. रिक खदखदून हसला. यंत्र मिळाल्यावर त्याने पहिलं वाक्य जुळवलं ते बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकीच्या संघाला शुभेच्छा देणारं होतं. घरच्यांना वाटत होतं, पहिला शब्द ‘आई’ किंवा ‘बाबा’ असेल. दहा वर्षं घरात हॉकीची चर्चा ऐकणाऱ्या मुलाला खेळाबद्दलच बोलायचं असणार, हे अक्षरांशिवाय कुणाला कळलं असतं? चित्रांच्या तक्त्यावर आइस हॉकीचा संघ कुणी लावून ठेवला नसता.

आता टोरंटोचा प्रसंग. या सगळ्या मागोव्यात सर्वांत गुंतागुंतीचा आणि मला वाटतं सर्वांत शिकवून जाणारा.

कार्ल ब्लिट्झचा जन्म १८९७ चा, चेर्नोवित्सचा. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातलं गाव होतं. जर्मन, रुमानियन, युक्रेनियन, यिडिश, पोलिश अशा भाषा एका बाजारात कानावर पडायच्या आणि भाषेवरून वैर पेटायचं. तो रसायन अभियंता झाला. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये नाझींनी त्याला आधी दाखाऊच्या, मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. सुटून तो इंग्लंडला आणि तिथून शांघायला गेला. शांघायच्या पाट्यांवरची चिनी चिन्हं पाहून त्याच्या मनाने घेतलं, की चिन्हांची अशी लिपी करायची जी कुठल्याही भाषेचा माणूस वाचेल आणि जिच्यात खोटा प्रचार करणं अवघड होईल. ऑस्ट्रेलियात येऊन चार्ल्स ब्लिस या नव्या नावाने त्याने १९४९ मध्ये ती लिपी छापली. हृदय म्हणजे भावना. हृदय आणि वर बाण म्हणजे आनंद, खाली बाण म्हणजे दुःख. जगाने फारशी दखल घेतली नाही.

१९७१ मध्ये टोरंटोच्या ऑन्टारियो क्रिपल्ड चिल्ड्रन्स सेंटरमध्ये शर्ली मॅकनॉटन ही शिक्षिका वैतागलेली होती. तिची सेरेब्रल पाल्सीची मुलं हुशार होती. पण तक्त्यावर चित्रं सोडून काही नव्हतं, आणि मुलं वाचायला लागेपर्यंत अक्षरं देऊ नयेत असं सगळे समजत होते. चिन्हांवरच्या एका पुस्तकात तिला ब्लिसची लिपी सापडली. तक्ते झाले. मुलं चिन्हं जोडून मोठ्यांनी न दिलेले शब्द घडवू लागली. ब्लिसला ही बातमी कळली तेव्हा तो सत्तरीत होता. तो टोरंटोला धावत आला, मुलांना मिठ्या मारल्या, नाचला, रडला. ज्या कामाकडे जगाने पाठ फिरवली ते बोलू न शकणाऱ्या मुलांनी उचललं होतं.

मग भांडण लागलं. टोरंटोच्या शिक्षकांनी प्रत्येक चिन्हासोबत इंग्रजी शब्द छापला होता, म्हणजे चिन्हं न शिकलेल्या कुणालाही मुलाशी बोलता यावं. मुलं दररोज चिन्ह दाखवताना शब्दाकडेही बघत होती आणि त्यांतली बरीच हळूहळू शब्द वाचू लागली. शिक्षकांच्या दृष्टीने ते यश होतं. ब्लिसला तो घात वाटला. त्याची लिपी सगळ्या भाषांच्या वर जाण्यासाठी होती, इंग्रजीपर्यंत पोचवून टाकून देण्यासाठी नव्हती. चिन्हांत बदल केल्याचाही त्याला राग. पत्रं, तक्रारी, वकील असं सगळं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी १९८२ मध्ये तडजोड होऊन टोरंटोच्या संस्थेला अपंग व्यक्तींसाठी ती चिन्हं वापरण्याचा कायमचा परवाना मिळाला. १९८५ मध्ये ब्लिस वारला.

ब्लिसची व्यथा मला समजते. चेर्नोवित्स आणि बुखेनवाल्ड पाहिलेल्या माणसाने भाषांवर विश्वास ठेवू नये यात नवल काय? पण त्या वर्गातली मुलं बरोबर होती. त्यांना जगाची सामाईक भाषा नको होती. त्यांना स्वतःच्या आईची, दुकानावरच्या पाटीची, वर्तमानपत्राची भाषा हवी होती. चिन्ह हा त्यांच्यासाठी पूल होता आणि पुलावर कुणी घर बांधत नाही.

वाईट असं, की पुढे बऱ्याच ठिकाणी पुलावरच वस्ती झाली. १९८१ मध्ये अमेरिकेत रॉक्साना मेयर-जॉन्सनने सोप्या, ओळखू येणाऱ्या चित्रांचा संच काढला. ती चित्रं कापून चिकटवायला सोपी, समजायला सोपी, पुढे संगणकावरून छापायलाही सोपी. लाखो मुलांचा फायदा झाला हे खरंच आहे. मात्र माझ्या मते त्याच सोयीमुळे शाळांची मोठी चूक झाकली गेली. मुलाच्या हातात भरगच्च तक्ता दिसला की त्याची भाषेची सोय झाली असं वाटू लागलं आणि अक्षरं ‘नंतर बघू’मध्ये ढकलली गेली.

या ‘नंतर’ला एक वंशावळ आहे. १९३१ साली शिकागोजवळच्या विनेट्का गावात मेबल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न यांनी पहिलीच्या मुलांचा अभ्यास करून निष्कर्ष काढला, की मानसिक वय साडेसहा वर्षांचं झाल्याशिवाय वाचन शिकवू नये. तो नियम अमेरिकन शाळांत आणि तिथून जगभर पसरला. धडधाकट मुलाला त्याचा फार तोटा झाला नाही. ते मोठं होतच होतं. पण ज्या मुलाचं मानसिक वय मोजायची चाचणी तोंडाने उत्तर देण्यावर किंवा हाताने ठोकळे लावण्यावर उभी आहे, आणि ज्याला दोन्ही येत नाही, त्याचं वय कागदावर कधीच साडेसहा व्हायचं नाही. सोळाव्या वर्षीही ते ‘वाचनपूर्व तयारी’च करत बसणार: रंग ओळख, आकार जुळव, मणी ओव. अशी कित्येक मुलं मोठी झाली.

न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी १९६६ च्या प्रबंधात या विचाराला धक्का दिला. मूल शाळेत येण्याआधीच वाचक व्हायला लागलेलं असतं: पुस्तक उलटंसुलटं धरणं, गोष्ट ऐकून पान उलटणं, भिंतीवर गिरगोटणं यांतून. अमुक वयाला दार उघडतं असं काही नाही. डेव्हिड योडर, डेव्हिड कॉपनहेव्हर आणि नंतर कॅरन एरिक्सन यांनी नॉर्थ कॅरोलिनात हीच दृष्टी बोलू न शकणाऱ्या मुलांकडे वळवली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली: बोलता न येणाऱ्या पण वाचता-लिहिता येणाऱ्या प्रौढांना गाठून त्यांचं बालपण विचारलं. घरात छापील कागद भरपूर, मोठी माणसं वाचताना-लिहिताना दिसायची, रोज कुणीतरी वाचून दाखवायचं आणि हे मूल शिकेल असं घरात कुणीतरी धरून चाललेलं असायचं. त्यात कसलं गूढ औषध नव्हतं.

त्याआधी १९८४ मध्ये ॲन डोनेलन यांनी शिक्षकांसाठी एक कसोटी सांगितली होती. मुलाला काय कळतं याचा पुरावा नसेल तर असं गृहीत धरा, की जे चुकीचं ठरलं तर मुलाचं कमीत कमी नुकसान होईल. वाचता येईल असं धरलं आणि आलं नाही, तर थोडी पुस्तकं वाया गेली. येणार नाही असं धरलं आणि येऊ शकत होतं, तर आयुष्य गेलं.

एक शंका मात्र खरी होती: उच्चारच करता येत नसेल तर ध्वनी कसे जुळवणार? संशोधनाने दाखवलं, की जन्मापासून एकही शब्द न उच्चारलेल्यांनाही मनातल्या मनात ध्वनी ऐकता आणि तोडता येतात. तेव्हा शिकवण्याची रीत बदलली. शिक्षिका सावकाश म्हणते, “का...न. मनात म्हण. आता दाखव.” समोर चार चित्रं: कान, पान, काच, नाक. बाकीची तिन्ही मिळत्याजुळत्या ध्वनींनी हुलकावणी देणारी. मूल डोळ्याने कानाकडे बघतं आणि कळतं, की जोडणी मनात झाली. पेनसिल्व्हेनियात जॅनिस लाइट आणि डेव्हिड मॅकनॉटन यांनी ही पद्धत पायरी-पायरीने बसवली.

लिहिण्याचं गणित त्याहून वेगळं होतं. कुठलंही मूल अक्षर काढण्याआधी वर्षभर नुसत्या रेघोट्या मारतं आणि आपण कौतुकाने “काय लिहिलंस?” विचारतो. हात न चालणाऱ्या मुलाला ही रेघोट्यांची मुभा कधी मिळालीच नव्हती. नॉर्थ कॅरोलिनाच्या गटाने आग्रह धरला, की त्याला सगळी मुळाक्षरं द्या: वहीच्या पानांवर, डोळ्यांच्या चौकटीत, कळीवर, जिथे जमेल तिथे. आणि ते काहीही निवडो, लिहून घ्या. ‘कख्ममपट’ असं आलं तरी ते त्याचं लिखाण आहे. त्याला वाचून दाखवा, त्यातलं एक अक्षर त्याच्या नावात आहे हे सांगा. शब्द बरोबर येईपर्यंत थांबायचं नाही, कारण तो असंच लिहून लिहून बरोबर येतो. आणखी एक गोष्ट: सामान्य मुलाला पेन धरलेली शेकडो माणसं दिसतात, तक्त्यावर लिहिणारं मोठं माणूस या मुलाला कधीच दिसत नाही. म्हणून शिक्षिकेनेही बोलता बोलता त्याच तक्त्यावर बोट ठेवत जायला हवं.

इथे एक काळी बाजू सांगितलीच पाहिजे. १९७० च्या दशकात मेलबर्नमध्ये सुरू होऊन पुढे अमेरिकेत पसरलेल्या एका पद्धतीत मदतनीस मुलाचा हात धरायचा आणि मूल अक्षरं दाखवायचं. निबंध, कविता बाहेर येऊ लागल्या. आईबापांना स्वर्ग मिळाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात साधी चाचणी झाली: मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनिसाला दुसरं, आणि उत्तर यायचं ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं. फसवण्याचा हेतू नव्हता. मदतनिसांचा हात नकळत चालत होता. हात न धरता तक्ता समोर हलवत धरणाऱ्या, भारतातून अमेरिकेत गेलेल्या सोमा मुखोपाध्याय यांच्या पद्धतीबाबतही अमेरिकेच्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये विरोध नोंदवला. आईबापांच्या आशेवर टीका करायची माझी छाती नाही. पण मुलाच्या नावाने दुसऱ्याने बोलणं हे त्याला गप्प ठेवण्याचंच दुसरं रूप आहे. तक्ता पक्का एका जागी हवा आणि खूण त्या मुलाचीच हवी, मग ती कितीही हळू असो.

मुंबईत अशा मुलांच्या शिक्षणाची सुरुवात एका आईने केली. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. तिच्यासाठी शाळा नाही म्हणून १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि कुलाब्यात वर्ग सुरू झाले. त्यानंतर कोलकात्यात सुधा कौल आणि चेन्नईत पूनम नटराजन यांनी तसंच काम उभं केलं. मालिनी चिब सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनला शिकल्या आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मकथन लिहिलं. ‘वन लिटल फिंगर’ २०१० मध्ये आलं. त्यांचं बोलणं अनोळखी माणसाला कळायला कठीण, आणि छापलेलं पान मात्र कुणालाही कळतं.

मराठी अक्षरांचा धागा फलटणला सापडतो. तिथली कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ मध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी काढली. मराठी वाचन शिकवताना वर्णमालेच्या क्रमाने न जाता थोडी अक्षरं आणि थोड्या मात्रा असे गट करायचे, म्हणजे पहिल्या आठवड्यातच खरे शब्द वाचता येतात, हे त्यांनी करून दाखवलं. शाळा ज्यांच्या नावाची आहे त्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू केली होती. हात न चालणाऱ्यांसाठीचं शास्त्र आणि मराठी अक्षरओळख ही दोन्ही एका नावाखाली येतात. ती एका तक्त्यावर आणायचं काम अजून पुरतं झालेलं नाही, आणि ते सोपंही नाही.

बघा ना. मुलीला ‘भूक’ लिहायचंय. हो म्हणायला ती डोळे वर करते. समोरची बाई विचारते: क-ची ओळ? च-ची? ट-ची? त-ची? प-ची? डोळे वर. प? फ? ब? भ? डोळे वर. मात्रा आहे? डोळे वर. काना? पहिली वेलांटी? दुसरी वेलांटी? पहिला उकार? दुसरा उकार? डोळे वर. मग क-ची ओळ, क, मात्रा नाही, शब्द संपला. एकूण एकोणीस प्रश्न. एकेक अक्षर विचारत गेलं असतं तर नुसत्या भ-पर्यंत पोचायला चोवीस लागले असते. ओळीने गेल्यावर तो नवव्याला सापडला. आपली पाच बाय पाचची वर्णमाला ही जणू याच कामासाठी मांडलेली आहे. रोमन अक्षरांसाठी परदेशात अशी चौकट मुद्दाम रचावी लागली. आपल्याकडे ती बालवाडीच्या भिंतीवर टांगलेली असते.

अडचणी पुढे येतात. य-र-ल-व, श-ष-स-ह आणि ळ चौकटीबाहेर आहेत; ते वापरात मात्र सारखे लागतात, तेव्हा त्यांची ओळ वर आणावी लागते. ङ आणि ञ जागा अडवतात. ‘आत्या’ लिहायला त-चा पाय मोडायचा, म्हणून पाय मोडण्याची वेगळी खूण तक्त्यावर हवी. ऱ्हस्व-दीर्घासाठी सुरुवातीला अडून बसू नये. ‘भुक’ आलं तरी मुलगी जेवेल. आयआयटी मुंबईच्या रचना विभागात तयार झालेल्या स्वरचक्र या कळफलकात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं. मात्रा वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत. त्याच विभागातून जेलो हे चित्रांचं ॲप आलं, मराठीतही. चेन्नईचं आवाझही भारतीय भाषांत आहे. साधनं आहेत. पण मराठी मुलाला चित्रांच्या पडद्यावरून मराठी अक्षरांच्या पडद्यावर हात धरून नेणारा शिक्षक क्वचित भेटतो, कारण बीएडला हे फारसं शिकवलं जात नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी पद्धती घेतल्या आणि कलम १७ मध्ये शाळांसाठी त्यांचा उल्लेख केला. परीक्षेत लेखनिक मिळतो. जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लेखनिक सांगितलेलं लिहितो, ही व्यवस्था दिसत नसलेल्या, हात न चालणाऱ्या मुलांना धरून बेतलेली आहे, तोंडी सांगता येणाऱ्यांसाठी. एकोणीस प्रश्नांत एक शब्द लिहिणारी मुलगी तीन तासांच्या पेपरला बसली तर तिला चार तास मिळतील. तेवढ्यात तिच्या हातून एक परिच्छेद होईल. तिला काय येतं हे तपासायचं असेल तर पेपर लहान करावा लागेल, की दिवस वाढवावे लागतील, की उत्तरं निवडीची करावी लागतील, हे परीक्षा मंडळातल्या कुणीतरी तिच्या शेजारी तक्ता घेऊन बसून, एकेक ओळ विचारत, घड्याळ लावून ठरवायला हवं.